डिस्क मेली, चुंबक जिवंत

या आठवड्यात एसएमपीएसचा, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा, डबा उघडायचा ठरला होता. तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण नेरुळच्या एका सोसायटीच्या सचिवांचं पत्र आलंय आणि त्यांचं काम थांबण्यासारखं नाही. सोसायटीचे जुने हिशेब, सभांची इतिवृत्तं, सिडकोशी झालेला पत्रव्यवहार असं सगळं स्कॅन करून त्यांनी एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवलं होतं. घाईत तिला लॅपटॉपचा ॲडॅप्टर जोडला गेला. आता दिवा लागत नाही, डिस्क फिरत नाही. दुरुस्तीवाला म्हणतो, बोर्ड जळलाय, लॅमिंग्टन रोडला सेम बोर्ड मिळेल, बदलून टाका. सचिव विचारतात, बदलू का?

इतक्यात नको. आणि झाकण तर मुळीच उघडू नका. फिरत्या तबकडीपासून तिचं वाचनमुख जेमतेम काही नॅनोमीटर वर तरंगतं. आपल्या खोलीतल्या हवेतला धुळीचा कण त्या फटीच्या कितीतरी पट मोठा असतो.

आधी झालं काय ते पाहू. टेबलावरच्या मोठ्या, साडेतीन इंची डिस्कचा ॲडॅप्टर १२ व्होल्टचा असतो, लॅपटॉपचा १९ व्होल्टच्या आसपास. दोन्हींच्या गोल पिना बाहेरून सारख्याच दिसतात, व्यास साडेपाच मिलिमीटर. फरक आतल्या भोकाचा. डिस्कच्या पिनेचं भोक बहुधा २.१ मिलिमीटरचं, लॅपटॉपच्या बऱ्याच पिनांचं २.५. मोठ्या भोकाची पिन बारीक खुंटीवर बिनतक्रार बसते, म्हणून हा अपघात घरोघरी होतो. माझं सांगणं असं की घरातल्या प्रत्येक ॲडॅप्टरवर कागदाची पट्टी चिकटवून तो कशाचा आहे ते लिहून ठेवावं.

पहिलं काम, डिस्क प्लास्टिकच्या खोक्यातून बाहेर काढून थेट डेस्कटॉपच्या साटा केबलला जोडणं. पुष्कळदा खोक्यातला छोटा यूएसबी बोर्डच गेलेला असतो आणि डिस्क ठणठणीत असते. एक अडचण मात्र ध्यानात ठेवा. काही खोक्यांतला हा छोटा बोर्ड माहिती सांकेतिक करून लिहितो. तसं असेल तर डिस्क फिरेल, पण वाचता येणार नाही. मग त्याच मॉडेलचं दुसरं खोकं शोधावं लागतं.

डिस्क जोडल्यावर अख्खा डेस्कटॉपच सुरू होईना, तर मी खूश होतो. कारण मग दोष बहुतेक सापडलाच. डिस्कच्या बोर्डवर, वीज आत येते त्या खाचेजवळ, दोन काळे चौकोनी तुकडे असतात. हे टीव्हीएस डायोड. एक ५ व्होल्टच्या वाटेवर, दुसरा १२ च्या. एरवी ते काहीच करत नाहीत. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की जादाची वीज स्वतःतून ग्राउंडकडे वळवतात आणि मागच्या चिपा वाचवतात. मारा फारच झाला तर ते जळतात, आणि जळताना बहुधा आतून शॉर्ट होऊन बसतात. संगणकाच्या एसएमपीएसला तो शॉर्ट दिसतो आणि तो स्वतःला बंद करून घेतो.

मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावा. वीज तोडलेली असताना एक टोक डायोडच्या एका बाजूला, दुसरं दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडून टोकं उलटसुलट करूनही अखंड ‘बीप’ येत असेल तर तो गेला. सोल्डरिंग आयर्नने त्याला उचलून काढा. त्या जागी तार वगैरे काही जोडायचं नाही, जागा मोकळीच ठेवायची. डिस्क बहुधा फिरू लागते. आता तिच्यावर संरक्षण उरलेलं नाही, म्हणून चांगल्या एसएमपीएसवर लावून पहिल्याच बैठकीत सगळं दुसरीकडे उतरवून घ्या. ज्यांचा हात सोल्डरिंगला बसलेला नाही त्यांनी मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे जावं. त्याच्यासाठी हे पाच मिनिटांचं काम आहे.

डायोड काढूनही हालचाल नसेल तरच दुसऱ्या बोर्डाचा विचार. तिथेही नुसतं मॉडेल जुळून भागत नाही, हिरव्या बोर्डवर छापलेला क्रमांक जुळावा लागतो. आणि तेवढंही पुरत नाही. प्रत्येक डिस्कची मुखं आणि तबकड्या कारखान्यात एकमेकांशी जुळवून घेतात, त्या जुळणीचे आकडे बोर्डवरच्या आठ पायांच्या एका चिपमध्ये साठवलेले असतात. जुन्या बोर्डवरची ती चिप उतरवून नव्यावर चढवायची. तसं न केल्यास डिस्क टकटक आवाज करत बसते आणि माणूस समजतो की आतलं यंत्र गेलं. काही बोर्डांवर ही चिप वेगळी नसते, आकडे मुख्य चिपच्या पोटात असतात. तिथे ज्याच्याकडे त्यासाठीची साधनं आहेत अशा माणसाकडेच डिस्क सोपवावी.

सचिवांचं काम इथे संपलं. आता ज्या डिस्कवरचं काही हवं नाही आणि जी खरोखर मेली आहे तिच्याकडे वळू, कारण तिच्या पोटातली एक वस्तू मला संगणकातल्या कोणत्याही भागापेक्षा मोलाची वाटते. ती म्हणजे तिची चुंबकं.

झाकणाचे स्क्रू सहा पाकळ्यांचे असतात, मोठ्या डिस्कला बहुधा टी-८ चा पाना लागतो. सगळे काढले तरी झाकण उचलत नसेल तर एक स्क्रू लेबलाखाली लपलेला आहे असं समजा. आत कोपऱ्यात पोलादी पट्ट्यांच्या मध्ये वाचनमुखाच्या दांडीचं तांब्याचं वेटोळं दिसेल. पट्ट्यांच्या आतल्या अंगाला चिकटवलेले कमानीसारखे चकचकीत तुकडे म्हणजे निओडिमियमची चुंबकं. या तुकड्याच्या एकाच पृष्ठभागावर अर्ध्या भागात उत्तर ध्रुव आणि अर्ध्या भागात दक्षिण ध्रुव असतो. वेटोळ्याच्या एका बाजूला वीज वर जाते, दुसऱ्या बाजूला खाली येते. दोन्ही बाजूंना सारखाच ध्रुव असता तर एक बाजू डावीकडे ढकलली गेली असती आणि दुसरी उजवीकडे, दांडी जागची हललीच नसती. ध्रुव उलटे ठेवल्यामुळे दोन्ही धक्के एकाच दिशेने पडतात.

हे चुंबक १९८२ च्या सुमाराला जन्मलं. जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये जॉन क्रोट, दोघंही स्वतंत्रपणे तिथे पोहोचले. त्याआधीची ताकदवान चुंबकं सॅमॅरियम आणि कोबाल्टची होती. १९७८ मध्ये कोबाल्टच्या खाणी असलेल्या झाईरमधल्या लढाईने त्याचा भाव भडकला आणि कोबाल्टवाचून चालेल असं काही शोधणं भाग पडलं. निओडिमियम हा दुर्मीळ मृदा धातू, लोखंड आणि थोडं बोरॉन हे उत्तर निघालं. त्याचं मोठं गिऱ्हाईक लवकरच हार्ड डिस्क झाली.

आणि आज आपण त्याचं काय करतो? महापे, रबाळे, ऐरोलीच्या पट्ट्यात डेटा सेंटरांची रांग लागली आहे, पनवेलला २०२० पासून योट्टा कंपनीचं प्रचंड केंद्र उभं आहे. अशा ठिकाणच्या डिस्क वय झालं की काढतात आणि माहिती फुटेल या धास्तीने पुष्कळदा यंत्रात घालून भुगा करतात. भुग्यात हे चुंबक यंत्राच्या पोलादाला आणि लोखंडाच्या कणांना चिकटतं आणि लोखंडाच्या ढिगातून भट्टीत जातं. निओडिमियम तिथे धातुमळीत संपतं. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत उत्पादकांच्या जबाबदारीची प्रमाणपत्रं सोनं, तांबं, लोखंड आणि ॲल्युमिनियम यांवर मिळतात. चुंबक लोखंडाच्या वजनात गेलं तरी कुणाच्या हिशेबात खोट येत नाही.

मला हे असह्य वाटतं, कारण माहिती तबकडीवर असते, चुंबकात तिचा एक शब्दही नसतो. डिस्कचं झाकण काढून चुंबकाची जोडी आधी बाजूला घ्या आणि मग तबकड्यांचा खुशाल चुरा करा, गुप्ततेला धक्का लागत नाही. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मीळ मृदा धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं आणि आपल्या वाहन कारखान्यांना त्याची झळ बसली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्राने ई-कचरा आणि जुन्या बॅटऱ्यांतून अशी खनिजं काढण्यासाठी १,५०० कोटींची योजना मंजूर केली. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांनी चुंबकं काढण्याचं हे काम अंगावर घ्यावं. टी-८ चा पाना आणि शिकलेले हात असले की सुरुवात करता येते.

घरी चुंबकं काढायची असतील तर पोलादी पट्टीची दोन टोकं दोन पकडींत धरून किंचित वाकवा. गोंद तडकतो आणि चुंबक सुटतं. सुरी घालून उचकटू नका, कडा फुटते. गोंद वितळावा म्हणून तापवूही नका, साध्या प्रकारचं चुंबक ८० अंशांपुढे आपली ताकद कायमची गमावू लागतं. भोक पाडणं तर पूर्ण वर्ज्य, त्याचा कीस पेट घेतो. दोन चुंबकं झटकन एकमेकांवर आदळतात आणि मध्ये सापडलेलं बोट चिरडतं. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी या खेळात पडू नये आणि लहान मुलांच्या हाती ही लागू देऊ नयेत.

वरचा निकेलचा पापुद्रा कुठे उडाला असेल तर तिथे लगेच नखांचं पॉलिश लावा. खाडीकाठच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, उघड्या जागेतून गंज आत शिरतो आणि चुंबकाची भुकटी होऊ लागते.

शाळेतल्या मुलांसाठी एक प्रयोग. मोठ्या डिस्कच्या बहुतेक तबकड्या ॲल्युमिनियमच्या असतात, लॅपटॉपच्या डिस्कच्या बऱ्याचदा काचेच्या. काचेची तबकडी वाकवली तर तिच्या ठिकऱ्या उडतात, तेव्हा ती बाजूला ठेवा. ॲल्युमिनियमच्या दोन-तीन तबकड्या एकावर एक ठेवून तिरप्या धरा आणि वरून चुंबक सोडा. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, तरी ते सरकन घसरण्याऐवजी हळूहळू उतरेल. सरकत्या चुंबकामुळे धातूत विजेचे भोवरे उठतात आणि तेच त्याला मागे खेचतात. मग तेच चुंबक तेवढ्याच उतारावर लाकडी फळीवरून सोडा आणि दोन्हींना लागलेला वेळ मुलांना मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजू द्या.