चाळीस मीटरांचा निवाडा

कॅलिफोर्नियातल्या ऑबर्न गावच्या वेंडेल रॉबी यांनी १९५५ साली सिएरा नेवाडा पर्वत ओलांडून एका दिवसात शंभर मैलांची घोडदौड पुरी केली. त्यातूनच टेव्हिस कप ही स्पर्धा उभी राहिली आणि लांब पल्ल्याच्या अश्वस्पर्धांचा आधुनिक खेळ वाढला. या खेळात आधी पोहोचणे पुरेसे नसते. प्रत्येक टप्प्यावर आणि शेवटीही घोड्याला पशुवैद्याच्या तपासणीत उतरावे लागते. ठरल्या वेळात नाडी मिनिटाला ६४ ठोक्यांवर आली का, याबद्दल फारसा वाद होत नाही. घड्याळ आणि स्टेथोस्कोप ते सांगतात. वाद पेटतो तो चालीवरून. घोड्याला हाताने धरून सुमारे ४० मीटर दुडक्या चालीने नेतात, परत आणतात आणि तो लंगडतो का, हे डोळ्यांनी ठरते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नऊ देशांतल्या स्पर्धांत उतरलेल्या ४,३२६ घोड्यांपैकी ४६ टक्क्यांनीच स्पर्धा पूर्ण केली. ३० टक्के लंगडेपणामुळे बाद झाले, तर शरीरक्रिया बिघडल्यामुळे ९ टक्के. म्हणजे या खेळातला सर्वांत मोठा निवाडा नजरेवर सोपवलेला आहे.

ही नजर किती भरवशाची? दुडक्या चालीत कर्णरेषेतले दोन पाय जोडीने पडतात, म्हणून दोन्ही बाजूंची लय सारखी असावी लागते. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा मान वर उचलतो आणि निरोगी पाय टेकताना खाली आणतो. मागचा पाय दुखत असेल तर कुल्ल्याची हालचाल विषम होते. केविन कीगन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अनुभवी पशुवैद्यांकडून १३१ घोडे तपासून घेतले. सरळ रेषेतली दुडकी पाहून अमुक पाय लंगडा आहे की नाही, यावर त्यांचे ७६.६ टक्के वेळा एकमत झाले. पाच श्रेणींच्या मोजपट्टीवर सरासरी दीडपेक्षा जास्त लंगडेपणा असेल तेव्हा एकमत ९३.१ टक्के होते. दीड किंवा त्याहून कमी असेल तेव्हा ते ६१.९ टक्क्यांवर घसरले. ठळक लंगडेपणा जाणकाराच्या नजरेतून सहसा सुटत नाही. सूक्ष्म लंगडेपणावर जाणकारच एकमेकांशी असहमत असतात. म्हणूनच दुडकीत सातत्याने दिसणारा लंगडेपणा हीच बाद करण्याची रेषा मानणे शहाणपणाचे आहे.

मग यंत्रच का लावू नये, असे कुणी विचारील. संवेदक बसवून मान आणि कुल्ल्याची हालचाल मिलिमीटरमध्ये मोजता येते. पण स्वीडनमध्ये मालकांना निरोगी वाटणाऱ्या २२२ घोड्यांची अशी मोजणी झाली, तेव्हा ७२.५ टक्के घोड्यांत विषमता ठरलेल्या मर्यादेपलीकडे निघाली. यंत्र विषमता मोजते, वेदना नाही. मोजणीचा अर्थ लावायला पुन्हा माणूसच लागतो. त्यापेक्षा निवाड्याची रीत सुधारणे हाताशी आहे. समजा, एक पशुवैद्य चारांपैकी तीन वेळा बरोबर ठरतो. तिघांनी स्वतंत्रपणे मत दिले तर बहुमत बरोबर निघण्याची शक्यता सुमारे ८४ टक्क्यांवर जाते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तिघांच्या गुप्त मतदानाची तरतूद आहे, तिचे बळ यात आहे. मात्र हे गणित ‘स्वतंत्रपणे’ या एका शब्दावर उभे आहे. भूल देऊन पायाची नस बधिर केली आहे हे ठाऊक असले की पशुवैद्यांना चाल अधिक सुधारलेली दिसते, असे २००६ च्या एका ब्रिटिश अभ्यासात आढळले. मग घोडा आघाडीवर आहे किंवा मागच्या टप्प्यावर संशयित ठरला होता, हे कळल्यावर नजर निर्मळ राहील कशी? मत देण्याआधी क्रमांक आणि जुने शेरे तिघांपासून लपवले पाहिजेत.

महिनोन्‌महिने घाम गाळलेल्या स्वाराचे काय, हा आक्षेप खरा आहे. चुकीच्या शेऱ्याने त्याची स्पर्धा बुडते. पण उलट चूक झाली तर दुखरा पाय आणखी कित्येक किलोमीटर धावतो. नजर चुकणारच असेल, तर चुकीची किंमत कुणी मोजायची, हे नियमानेच आधी ठरवावे लागते. स्वार पुढच्या वर्षी परत येऊ शकतो. घोड्याला मात्र माघार घेण्याचा अर्ज करता येत नाही. संशयाचा फायदा त्यालाच मिळाला पाहिजे.