रत्नागिरीचं नाक आणि हवानाचा धूर

आमच्या घरात आलेल्या पहिल्या सिगारी कुणी ओढल्याच नाहीत. त्या बुरशीने खाल्ल्या.

माझा आतेभाऊ बोटीवर इंजिनीअर. कोकणात प्रत्येक वाडीत असा एखादा दादा असतो, सहा महिने समुद्रावर आणि उरलेले गावातल्या पारावर. एका मे महिन्यात त्याने दहा सिगारींची लाकडी पेटी हातावर ठेवली आणि म्हणाला, "घाई करू नको, सावकाश चाख." मी इतकं सावकाश घेतलं की पेटी फडताळात गेली ती श्रावणातच बाहेर निघाली. रत्नागिरीचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. चामड्याची चप्पल हिरवी होते तिथे तंबाखूच्या पानाची काय कथा! निम्म्या सिगारींवर पांढरी लव होती आणि उरलेल्यांना सुईने टोचल्यासारखी भोकं. आईने चष्मा लावून एक सिगार उलटीपालटी केली आणि निकाल दिला, "अरे, हा तर हळकुंडातला भुंगा."

आईचं बरोबर होतं. लॅसिओडर्मा सेरिकॉर्न हा तपकिरी, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा किडा. इंग्रजीत त्याला सिगारेट बीटल म्हणतात, पण तंबाखूइतकीच त्याला हळद, सुंठ, मिरची आणि धणेही आवडतात. हवानातल्या गोदामाचा आणि आमच्या मसाल्याच्या डब्यांचा शत्रू एकच निघाला, आणि तिथेच मला पहिल्यांदा वाटलं की ही परकी वस्तू आपल्याला वाटते तितकी परकी नसावी.

रत्नागिरीत तरी ती परकी म्हणूच नये. 29 नोव्हेंबर 1885 रोजी मंडालेत इंग्रजांनी थिबा राजाला पदच्युत केलं आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्याला राण्या-मुलींसह रत्नागिरीत आणून ठेवलं. त्याच्या मागे राहिलेला ब्रह्मदेश चिरुटांचा देश. तिथे बायामुलीसुद्धा वीतभर चिरूट ओढत, आणि गोऱ्या प्रवाशांना त्याचं फार नवल. 1889 मध्ये किपलिंग रंगून आणि मौलमीनला उतरला. मंडालेला तो गेलाच नाही. तरी दुसऱ्याच वर्षी त्याने 'मंडाले' ही कविता लिहिली. त्यातली बर्मी मुलगी भला मोठा पांढरा चिरूट ओढते, आणि तिचं नाव थिबाच्या राणीचंच, सुपयालत. विलायतेत लोक ही कविता वाचत होते तेव्हा खरी सुपयालत इथे रत्नागिरीत पाचवा पावसाळा मोजत होती. थिबा पॅलेस बांधून झाला 1910 मध्ये, राजा वारला 1916 च्या डिसेंबरात आणि राणी ब्रह्मदेशात परतली 1919 मध्ये. बर्मी चिरुटांतल्या हिरव्या जातीचं बाहेरचं पान तंबाखूचं नसतंच. ते असतं भोकरीच्या कुळातल्या झाडाचं. आम्ही ज्या भोकरांचं लोणचं घालतो, त्यांच्या भाऊबंदांत ब्रह्मदेश तंबाखू गुंडाळतो.

'चिरूट' हा शब्द मात्र तमिळ 'सुरुट्टु'वरून आला. सुरुट्टु म्हणजे गुंडाळी. त्रिचनापल्ली आणि दिंडिगलचे काळे, उग्र चिरूट इंग्रजांनी जगभर नेले. कॉनन डॉयलच्या 1887 च्या पहिल्याच होम्स-कथेत खुनी त्रिचनापल्लीचा चिरूट ओढणारा आहे, हे होम्स खोलीतल्या राखेवरून ओळखतो. राख पाहून तंबाखू ओळखणं ही अतिशयोक्ती असेल, पण राखेकडे पाहावं ही गोष्ट खरी. तिकडे येऊच.

दख्खनला तंबाखू पोर्तुगिजांनी दिली. अकबराचा वकील असद बेग विजापूरला आला तेव्हा त्याला ती इथे दिसली आणि 1604-05 च्या सुमारास त्याने ती बादशहाला नजर केली. म्हणजे मोगल दरबाराला तंबाखू आपल्याकडून गेली. (अभिमान बाळगावा अशी ही गोष्ट नाही, हे मलाही कळतं.) तेव्हापासून मराठी मुलखाने तंबाखू मळली, ओढली, नाकात कोंबली आणि निपाणीच्या बाजारात तोलली. 1981 मध्ये तिच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तिथे शेतकऱ्यांनी रस्ता अडवला. पण निपाणीची तंबाखू बिडीची, सिगारची नव्हे. बिडीत बाहेरचं पान तेंदूचं आणि आत जर्दा. सिगारीत आत, मध्ये आणि बाहेर सगळं तंबाखूचंच अख्खं पान, आणि ती हाताने वळलेली. 'प्रीमियम' या शब्दाचा व्यवहारातला अर्थ एवढाच.

ती तीन थरांची असते. आतला गाभा तीन-चार जातींच्या घड्या घातलेल्या पानांचा, त्याला बांधून ठेवणारं एक जाडसर पान आणि सगळ्यांवर एक देखणं, तलम, शिरा बारीक असलेलं वेष्टनाचं पान. एकाच रोपाची पानं सारखी नसतात. तळाची पानं सौम्य आणि चटकन जळणारी, मधली सुगंधी. शेंड्याच्या पानांना ऊन सगळ्यांत जास्त मिळतं, म्हणून ती जाड, तेलकट आणि जोरकस होतात. क्यूबात त्यांना लिहेरो म्हणतात. ही पानं सावकाश जळतात, म्हणून वळणारा त्यांना बरोबर मध्यभागी ठेवतो. जरा बाजूला सरकली तर सिगार वाकडी जळते. परीक्षकाला धुरात जे कळतं त्यातलं निम्मं त्या एका हाताच्या हालचालीत ठरलेलं असतं.

त्याआधीचं काम मात्र कोणत्याही आंबेवाल्याला सांगावं लागणार नाही. सुकवलेल्या पानांची ओलसर गंजी घालतात. ती आतून तापू लागते, पन्नास अंशांच्या आसपास गेली की मोडायची, आतली पानं बाहेर आणि बाहेरची आत. अशी महिनोन्‌महिने उलथापालथ. ही आढीच आहे! फक्त आंब्याच्या आढीत पेंढ्याच्या उबेत फळ आठवड्याभरात पिकतं, इथे पानाला वर्ष-दोन वर्षं लागतात. या उष्णतेत पानातला अमोनिया उडून जातो. कच्च्या राहिलेल्या पानाची सिगार पेटवली की गोठ्यात शिरल्यासारखा झणका नाकात जातो. आढी लवकर मोडलेला हापूस जसा रंगाने पिवळा पण चवीला आंबट, तशीच ही.

दुसरं साम्य साक्याचं. हापूसचा साका वरून दिसत नाही, कापल्यावरच कळतो. सिगारीतही आत पानं जास्त दाबली गेली तर गाठ बसते आणि धूर ओढला जात नाही. ती पेटवल्यावरच कळू नये म्हणून आधी हात फिरवायचा. पुढच्या खेपेला दादाने मला व्हरांड्यात बसवून शिकवलं ते इथूनच.

सिगार अंगठा आणि दोन बोटांत धरून टोकापासून टोकापर्यंत हलकी दाबत जायचं. कुठे पोकळ लागतं का, कुठे खडा? वेष्टनावर किंचित तेलाची चकाकी हवी, शिरा उठून दिसायला नकोत, जोड शोधूनही सापडू नये. मग वास, आधी अंगाचा आणि मग उघड्या टोकाचा. दोन्ही वेगळे येतात, कारण अंगावर एक पान आणि टोकाला सगळी. आता दुसऱ्या टोकाची टोपी कापायची, एक-दोन मिलिमीटर, जास्त नाही. खांद्याखाली कापली तर वेष्टन उलगडतं आणि सिगारीचं केळफूल होतं. न पेटवता एकदा हवा ओढून पाहायची. या कोरड्या ओढीत वाळकं गवत, मनुका, कधी कोकमासारखी आंबूस झाक येते. परीक्षकाची वही इथे उघडते.

पेटवणं हा तर संस्कारच. ज्योत सिगारीला टेकवायची नाही. खाली धरून, गोल फिरवत, पापड भाजावा तशी कड भाजून घ्यायची. मग पहिला झुरका. आणि यानंतर घाई नाही, मिनिटाला एक. घाईने ओढली की आतली आग तापते आणि सगळं कडूजहर होतं. मग दोष सिगारीचा नव्हे, ओढणाऱ्याचा. रोबुस्टो नावाचा प्रचलित आकार पाच इंच लांब आणि पन्नास घेराचा. हा घेर म्हणजे खरं तर व्यास, तो इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात, म्हणजे ही साधारण दोन सेंटिमीटर जाड. तिला पाऊण ते एक तास लागतो.

धूर छातीत घ्यायचा नाही. तोंडात खेळवायचा आणि सोडायचा. त्यातला थोडासा, अगदी थोडा, नाकावाटे बाहेर काढायचा. सिगार चाखण्याची सगळी विद्या या एका युक्तीत आहे, कारण जीभ खारट, गोड, आंबट, कडू अशा मोजक्याच चवी सांगते. जायफळ की दालचिनी हे नाकच सांगतं. सर्दी झाल्यावर सोलकढी बेचव लागते, तेच हे. पहिल्यांदा मला मिरी उडाल्यासारखे शिंकांवर शिंका आल्या आणि दादा हसत बसला.

वहीत सिगारीचे तीन भाग करतात. पहिल्या तृतीयांशात बहुधा मिरीचा तिखटपणा, मधल्यात गोडवा आणि खमंगपणा, शेवटच्यात जोर. चांगली सिगार वाटेत बदलते, सामान्य सिगार पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच पाढा म्हणते. बरोबरीने जळणं पाहायचं. कड सरळ गोल हवी, एका बाजूने होडीसारखी खोलगट नको. राख घट्ट, करडी-पांढरी, इंचभर टिकणारी असेल तर आतली पानं नीट अख्खी भरली आहेत असं समजावं. होम्सची राख ती हीच.

अमेरिकेत 1992 मध्ये निघालेल्या 'सिगार अफिशिओनाडो' मासिकाने शंभरांपैकी गुण द्यायची चाल लोकप्रिय केली. रूप आणि बांधणीला 15, चवीला 25, जळण्या-ओढण्याला 25, आणि एकूण प्रभावाला 35. चाखणाऱ्याला नाव कळू नये म्हणून सिगारीचा पट्टा काढून नुसता क्रमांक लावतात. पट्टा काढणं मला पटतं. आंब्याच्या पेटीवर 'देवगड' किंवा 'रत्नागिरी' छापलं की आपली जीभ कशी आधीच निकाल लावून मोकळी होते ते ठाऊक आहे. पण 35 गुण 'एकूण प्रभावा'ला? म्हणजे मास्तरांच्या मर्जीलाच. 91 आणि 92 यांतला फरक कुणाच्या जिभेला खरोखर कळतो, यावर माझा विश्वास नाही.

मला जास्त खटकतं ते शब्दांचं. या मासिकांतली वर्णनं वाचून आपला माणूस 'लेदर', 'सीडर', 'एस्प्रेसो' असं पाठ म्हणू लागतो. सीडर त्याने जन्मात हुंगलेला नसतो. वास म्हणजे आठवण. जी आठवण नाही तिचा वास येत नाही, आलाच तर तो पाठांतराचा. कोकणातल्या माणसाच्या नाकात काय कमी साठा आहे? पहिल्या पावसाने भिजलेला जांभा, भाजणीतला भात, फणसाच्या लाकडाची नवी पेटी, चुलीवर फुटणारी काजूबी, सुकत घातलेलं जायफळ, पेंढ्याची उडवी, तेल लावलेली वहाण. माझ्या वहीत मी हेच शब्द लिहितो. दादाला आधी हसू आलं. मग एकदा 'शिळी भाकरी तव्यावर परतताना' असं मी लिहिलेलं वाचून त्याने सिगार पुन्हा हुंगली आणि म्हणाला, "अगदी तेच रे."

साठवणीचं थोडं, कारण माझं तिथेच नुकसान झालं. सिगारीला 65 ते 70 टक्के आर्द्रता लागते. रत्नागिरीच्या पावसाळ्यात हवेत ती नव्वदच्या घरात असते. घट्ट झाकणाचा डबा, आत आर्द्रता सांभाळणारी पुडी आणि एक आर्द्रतामापक, एवढं पुरतं. मापक खरं बोलतो का ते तपासायला मीठ लागतं. बाटलीच्या बुचात मीठ घ्यायचं, चार थेंब पाण्याने ओलं करायचं, वितळवायचं नाही. मग मापकासह ते बंद पिशवीत सहा-आठ तास ठेवायचं. काटा 75 वर आला पाहिजे. भुंग्यासाठी सिगारी हवाबंद पिशवीत घालून तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, आणि मग बाहेर. आईने ही युक्ती हळकुंडांनाही लावली.

वळणाऱ्या हातांचं एक सांगायचं राहिलं. क्यूबाच्या सिगार कारखान्यांत 1865 पासून वळणाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवणारा वाचक असतो. 'मॉन्टेक्रिस्टो' हे सिगारीचं नाव त्या वाचनातल्या ड्यूमाच्या कादंबरीवरून पडलं. केरळात कण्णूरच्या दिनेश बिडीच्या कामगारांनाही वर्तमानपत्र वाचून दाखवत. हात गुंतलेले आणि कान मोकळे, ही सोय दोन्हीकडच्या कामगारांना सुचली.

आता कडू भाग, तो आडून सांगणार नाही. छातीत धूर घेत नाही म्हणून सिगार निर्धोक, हे शौकिनांचं आवडतं खोटं आहे. सिगारीचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरतं, आणि तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग तिनेही होतो. एका मोठ्या सिगारीत सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. जो ओढत नाही त्याने हा लेख वाचून सुरू करू नये. चाखायला शिकायचंच असेल तर पुढच्या मे महिन्यात पाच बागांचे हापूस आणा, चिठ्ठ्या काढा, क्रमांक लावा आणि वही उघडा. नाक तेच, शिस्तही तीच.

माझं प्रमाण वर्षाला एक, दिवाळीच्या पाडव्याला, व्हरांड्यात, घरातले सगळे झोपल्यावर. गेल्या पाडव्याची नोंद अशी आहे: 'बांधणी उत्तम, राख सव्वा इंच. सुरुवातीला मिरी, मध्ये भाजलेली काजूबी, शेवटी ओला जांभा. शेवटचा तृतीयांश कडू, बहुधा मीच घाई केली. 81.'