एक संत्रे, चार प्रश्न

विद्यार्थी मित्रहो, मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या घरात गेला, की आंबिया बहाराची कोवळी संत्री गळू लागतात. असे का बरे होते? मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक. मी सांगेन, हवा १ अंशाने तापली की तिची बाष्प सामावण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. म्हणून ती पानांतील व मातीतील ओल झपाट्याने शोषते. उत्तर खरे, पण अपुरे! झाड फळ का सोडते, हे वनस्पतिशास्त्र सांगेल. मुळांशी ओल किती टिकते, हे मृदाशास्त्र. आणि बागाइतदाराचे कर्ज कसे फिटावे, हे अर्थशास्त्र.

चार्ल्स कीलिंग १९५८ साली मौना लोआ येथे मोजू लागले, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० हून अधिक आहेत. याचे परिणाम एका विषयाच्या चौकटीत मावत नाहीत. म्हणूनच मुंबईच्या आयआयटीने २०१२ साली हवामान-अभ्यासाचा आंतरविद्याशाखीय पीएच.डी. अभ्यासक्रम सुरू केला.

तेव्हा मित्रहो, एक विषय पक्का करा. पण शेजारच्या विषयाचे दार लावून घेऊ नका. गळलेले संत्रे तुम्हाला चारही प्रश्न विचारणार आहे!