कामाच्या दारावर कोणाचा ताबा?

कामगार चळवळीचा इतिहास आपल्याकडे बहुधा संपांच्या सनावळीने सांगितला जातो. आणि ज्या मुंबईत टिळकांना झालेल्या शिक्षेच्या निषेधार्थ १९०८ साली गिरणगावाने सहा दिवस काम बंद ठेवले, १९२८ साली सुमारे दीड लाख कामगार जवळजवळ सहा महिने गिरण्यांबाहेर राहिले आणि १८ जानेवारी १९८२ पासून डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली रीतसर कधीच मागे न घेतला गेलेला संप सुरू झाला, त्या शहराच्या बाबतीत ते स्वाभाविकही आहे. परंतु संप हा कामगाराच्या आयुष्यातला अपवाद होय. त्याचे नित्याचे दिवस दोन साध्या प्रश्नांनी व्यापलेले असतात: आज कामावर घेतील की नाही, आणि घेतले तर केलेल्या कामाचे पैसे पुरते व वेळेवर हाती पडतील की नाही. युनियनची खरी कसोटी या दोन प्रश्नांवरच लागते, असे मला वाटते. आणि या दृष्टीने पाहिले म्हणजे गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांतील पुष्कळशा लढ्यांचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवची सूतगिरणी १८५६ साली सुरू झाली. पुढे गिरण्या वाढत गेल्या, आणि रत्नागिरी, सातारा, पुणे, कोल्हापूर या मुलखांतून माणसे येऊ लागली. मालकाला त्यांचे गाव ठाऊक नव्हते, व्यवस्थापकाला पुष्कळदा त्यांची भाषाही येत नव्हती. म्हणून माणसे आणण्याचे व ती राबवून घेण्याचे काम जॉबरकडे गेले. कामावर घेणे, काढणे, रजा देणे, यंत्र नेमून देणे हे सर्व त्याच्या मर्जीवर चाले. स्त्रियांच्या खात्यांत हाच अधिकार नाईकिणीकडे असे. गावाहून नुकताच उतरलेला माणूस खोलीसाठी, खाणावळीच्या उधारीसाठी, आजारपणातल्या कर्जासाठी त्याच जॉबरच्या शब्दावर अवलंबून असल्यामुळे, जो त्याला आसरा देई तोच त्याच्या पोटावर पाय देण्यासही समर्थ असे. जॉबरला निव्वळ खलपुरुष ठरविणे मात्र न्याय्य होणार नाही. सकाळी साचे रिकामे राहिले तर त्याचीही नोकरी जाई, आणि परक्या शहरात आपल्या माणसांची सोय लावणारा पहिला इसम पुष्कळदा तोच असे. दोष होता तो अधिकाराच्या स्वरूपात: त्याची कोठेही नोंद नव्हती, म्हणून त्याविरुद्ध दादही मागता येत नव्हती.

या व्यवस्थेचे सर्वांत उघडे रूप गिरणीच्या फाटकावर दिसे. कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या जागी घ्यावयाचा तो बदली. पहिली पाळी सुरू होण्यापूर्वी असे बदली फाटकाशी येऊन उभे राहत. आत किती जागा रिकाम्या आहेत हे पाहून जॉबर बाहेर येई, नजर फिरवी आणि बोट दाखवी. ज्याच्याकडे बोट गेले तो आत जाई, बाकीचे दुसऱ्या गिरणीच्या फाटकाकडे धावत किंवा घरी परतत. ते बोट आपल्याकडे वळावे यासाठी पगाराच्या दिवशी दस्तुरी द्यावी लागे. अशा रीतीने कामगाराला स्वतःचे श्रम विकण्याची परवानगीदेखील विकत घ्यावी लागत होती.

मजुरीची कथा याहून सुखाची नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक कार्यकर्त्याने व ‘दीनबंधु’च्या संपादकाने १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून सुमारे साडेपाच हजार सह्यांनिशी ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आणि अपघातात जायबंदी झालेल्यास भरपाई यांच्याबरोबर आणखी एक मागणी होती. एका महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा, ही ती मागणी. आधीच्या महिन्यात गाळलेल्या घामाचे पैसे निदान पंधरवड्याने तरी मिळावेत यासाठी हजारो माणसांना अर्ज करावा लागावा, यावरून त्या काळच्या पगाराच्या रीतीची कल्पना येते. मधल्या दिवसांत वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज चढत राही. रविवारची सुटी १० जून १८९० रोजी मान्य झाली. पगाराच्या तारखेला मात्र कायद्याचे बंधन येण्यास त्यानंतर आणखी ४६ वर्षे लागली.

पगार हाती आला तरी तो पुरता येईल याची शाश्वती नव्हती. दंड होता, खाड्याची कपात होती, आणि विणकराच्या बाबतीत एक विशेषच अन्याय होता. कापडात खोट निघाली की ते कापड त्याच्याच माथी मारून त्याची किंमत पगारातून वळती करून घेत. सूत कच्चे होते की साचा जुना होता, याची चौकशी करण्याचे कारण कोणाला वाटत नसे. विणकर ते फडके काखोटीला मारून चाळीत येई व मिळेल त्या किमतीला विकी. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने या सर्वाला पहिली वेसण घातली. हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यात मुदत संपल्यापासून सात दिवसांत व इतरत्र दहा दिवसांत पगार झाला पाहिजे, दंड रुपयामागे अर्ध्या आण्याहून अधिक असता कामा नये, आणि कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी दिल्यावाचून तो आकारता कामा नये, असे त्यात ठरले. आज या तरतुदी किरकोळ वाटतील. ज्यांच्या घरची चूल त्या अर्ध्या आण्यावर पेटत होती त्यांच्या दृष्टीने पाहिले म्हणजे त्यांचे मोल समजते.

कायदा झाला तरी तो अंमलात आणवून घेणारा कोणी लागतो. आणि एकट्यादुकट्या कामगाराने तक्रार केली तर दुसऱ्या दिवशी फाटक त्याला बंद. संघटनेची आवश्यकता येथे आहे. परंतु संघटना करणे हेच मुळी धोक्याचे होते. मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिल्समधील तंट्यात तेथील उच्च न्यायालयाने युनियनच्या पुढाऱ्यांविरुद्ध मनाई हुकूम दिला, तेव्हा कामगारांना एकत्र करणे हाच कायद्याने दावा लावण्याजोगा अपराध ठरू शकतो हे सर्वांच्या ध्यानात आले. ना. म. जोशी यांनी १९२१ साली मध्यवर्ती कायदेमंडळात हा प्रश्न नेला, आणि अखेर १९२६ चा ट्रेड युनियन्स ॲक्ट झाला. कोणत्याही सात सभासदांना युनियनच्या नोंदणीसाठी अर्ज करण्याचा अधिकार त्याने दिला. दोनच वर्षांनी, १९२८ च्या सार्वत्रिक संपात, मुंबई गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. श्रीपाद अमृत डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर यांच्याबरोबर स्वतः गिरणीत राबलेले अर्जुन आत्माराम आळवे तिच्या अग्रभागी होते. या युनियनने गिरणीगणिक कमिट्या उभ्या केल्या. खात्यातील गाऱ्हाणे जॉबरच्या कानी घालण्याऐवजी कमिटीपुढे मांडता येते, हा अनुभव कामगाराला प्रथमच येत होता, आणि जॉबरची सत्ता डळमळली ती प्रथम त्यामुळे.

तथापि दाराच्या या प्रश्नात कामगारांचे स्वतःचे हातही निर्मळ नव्हते, आणि ही गोष्ट झाकून ठेवणे चळवळीच्या हिताचे नाही. साचेखात्यातील मजुरी इतर बऱ्याच खात्यांहून चांगली होती, पण अस्पृश्य समाजातील कामगारांना तेथे प्रवेश नव्हता. धोट्यातील कांडी संपली की नवी कांडी घालून तिचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे; एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या हाती जाणार, म्हणून विटाळ. रिंगखात्यात घाम गाळणाऱ्या त्याच माणसाला शेजारच्या खात्याचा उंबरठा ओलांडता येत नसे, आणि हा मज्जाव सवर्ण कामगारांच्या आग्रहामुळे टिकून होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे रोखठोकपणे मांडला आणि सर्व खाती सर्वांना खुली असावीत ही मागणी समाविष्ट करण्याचा आग्रह धरला. पुढाऱ्यांनी ती नाखुशीने घेतली. आणि मालकांनी हा अन्याय असलाच तर तो आमचा नव्हे असे उत्तर दिले, तेव्हा त्याचा प्रतिवाद करणे पुढाऱ्यांना कठीण गेले. वर्गाच्या एकजुटीची भाषा बोलणाऱ्यांनी जातीच्या भिंतीपाशी थबकावे, ही त्या थोर लढ्यातील मोठी उणीव होय, आणि आंबेडकरांनी ती दाखवून देऊन कामगारांवर उपकारच केले.

१९२९ साली नेमलेल्या व्हिटली कमिशनने १९३१ च्या अहवालात, नोकरभरतीचा व बडतर्फीचा अधिकार जॉबरकडून काढून घेऊन तो लेबर ऑफिसरकडे द्यावा अशी शिफारस केली. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत बदली कार्डाची पद्धत आली. निवडक बदल्यांना महिन्याच्या आरंभी कार्डे द्यावयाची, त्यांनी रोज सकाळी हजर राहावयाचे, आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरावयाच्या. जॉबरच्या बोटाची जागा एका पुठ्ठ्याच्या तुकड्याने घेतली. १९४७ साली औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने महिन्याच्या २६ दिवसांसाठी किमान मूळ वेतन ३० रुपये ठरले, आणि एकाच कामाला गिरणीगणिक वेगळा दर हा प्रकार आवरला गेला. इतके होऊनही बदली हा बदलीच राहिला. वर्षानुवर्षे हजेरी देऊन कायम न झालेली हजारो माणसे १९८२ सालीही होती, आणि त्यांना कायम करावे ही त्या संपातील एक प्रमुख मागणी होती. एरवी त्या संपाचे वर्णन पगारवाढीचा हट्ट असे केले जाते. बदल्यांना वगळून केलेले ते वर्णन मला अपुरे वाटते.

गिरण्यांत जे अर्धवट राहिले ते बंदरावर आणि बाजारात पुष्कळसे साधले. मुंबई बंदरात टोळीवाला माणसे आणी व त्यांच्या मजुरीतून आपला हिस्सा कापून घेई. पी. डिमेलो यांच्या नेतृत्वाखाली गोदी कामगार संघटित झाले. १९४८ च्या केंद्रीय कायद्यानुसार डॉक लेबर बोर्ड आले, कामगारांची नोंदणी झाली, पाळीपाळीने काम वाटले जाऊ लागले, आणि हजर राहूनही काम न मिळाल्यास हजेरीभत्ता मिळू लागला. याच विचाराला बाजारपेठेत उतरविणारा कायदा महाराष्ट्राने १९६९ साली केला, तो माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा. अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईच्या धान्यबाजारातील माथाडींना घेऊन, आणि बाबा आढाव यांनी पुण्यात हमाल पंचायतीच्या द्वारे, या कायद्यामागील बळ उभे केले.

त्याची रचना समजून घेण्याजोगी आहे. पोती वाहणारा माणूस सकाळी एका गाळ्यावर व दुपारी दुसऱ्या गाळ्यावर राबतो. मग त्याचा मालक कोण? हा गुंता कायद्याने मंडळ नेमून सोडविला. मंडळात कामगारांचे व मालकांचे समसमान प्रतिनिधी आणि त्यांच्या जोडीला शासनाचे. हमालाची नोंदणी मंडळाकडे, व्यापाऱ्याचीही मंडळाकडे. व्यापारी मजुरीची रक्कम मंडळात भरतो, तिच्यावर ठरलेल्या प्रमाणात लेव्ही भरतो, आणि मंडळ कामगाराला मजुरी देऊन लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस, औषधपाणी यांची तरतूद करते. पैसे मोजणारा हात व्यापाऱ्याचाही नाही आणि मुकादमाचाही नाही. अलीकडे माथाडी हे नाव पुढे करून कारखानदारांकडून खंडणी उकळणाऱ्या टोळ्यांविषयी तक्रारी होतात, आणि त्या खोट्या नाहीत. पण या टोळ्या मंडळाच्या नोंदवहीबाहेर राहून धंदा करतात, म्हणून त्यांच्यावरचा उपाय ती नोंदवही अधिक काटेकोर करणे हाच होय, कायदा मोडीत काढणे नव्हे. १९८१ साली खासगी सुरक्षा रक्षकांसाठी महाराष्ट्राने केलेला कायदाही याच नमुन्यावर बेतलेला आहे.

आज कारखान्याच्या, रुग्णालयाच्या, सरकारी कचेरीच्याही दारात कंत्राटदार उभा असतो. कंत्राटी कामगारांसाठी १९७० सालीच कायदा झाला, तरी कायम स्वरूपाच्या कामावर कंत्राटी माणूस लावून ठेवण्याची रीत थांबली नाही. २०१९ च्या वेतन संहितेने महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा असे सांगितले, आणि भरतीत व वेतनात स्त्री-पुरुष भेदाला मनाई केली; २०२० च्या एका संहितेने प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे मालकावर बंधनकारक केले. घरोघरी पार्सले पोहोचविणाऱ्या तरुणाची अडचण निराळीच आहे. त्याला काम देणारे ॲप त्याला नोकर म्हणत नाही, भागीदार म्हणते. आणि एखाद्या सकाळी त्याचे खाते बंद झाले तर का बंद झाले हे विचारावयास समोर माणूसच नसतो. जॉबरला निदान चेहरा होता, चाळीत जाऊन त्याच्या पाया तरी पडता येत असे.

या बाबतीत पहिले पाऊल राजस्थानने २०२३ च्या कायद्याने टाकले, आणि त्याचा आराखडा आपल्याला ओळखीचा वाटावा असाच आहे: मंडळ, कामगारांची व कंपन्यांची नोंदणी, आणि व्यवहारागणिक कंपनीकडून घ्यावयाचे कल्याण शुल्क. मुंबईच्या धान्यबाजारातील हमालांनी मिळवून घेतलेली पद्धत तेथे पुन्हा उपयोगी पडत आहे. त्यानंतर २०२५ मध्ये कर्नाटकानेही कायदा केला, आणि काम तोडण्यापूर्वी त्याचे कारण कामगाराला लेखी कळविले पाहिजे असे बंधन त्यात कंपन्यांवर घातले.