समुद्रावरचा सूर्य आणि घाटावरचे समज

बिद्रीहून देवगडला जायचं तर मुधाळ तिट्ट्यावर राधानगरीचा रस्ता धरायचा, दाजीपूर मागं टाकायचं आणि फोंडा घाट उतरायचा. तीन-साडेतीन तासांत खारी हवा नाकात. आमच्याकडे दूधगंगा-वेदगंगा कारखान्याचा हंगाम आणि लग्नसराई साधारण एकदमच सुरू होते. त्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्यांमधून वाट काढत कॅमेरे आणि ड्रोन भरलेल्या गाड्याही याच रस्त्यानं खाली उतरतात. माझा भाचा त्यांतलाच. लग्नाचे फोटो काढतो, मागच्या वर्षी ड्रोन घेतला.

गेल्या हिवाळ्यात त्यानं विचारलं, "मामा, पहाटे चारला निघालो तर समुद्रातनं उगवणारा सूर्य घावंल न्हवं?"

"घावंल की. पर त्यासाठी चेन्नईला जायला लागंल."

कोकणचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून बसलाय. सूर्य पाण्यात बुडतो तो इथं; उगवतो तो पाठीमागच्या सह्याद्रीतून, तोही पंचांगातल्या वेळेपेक्षा तीन-चार मिनिटं उशिरा. जवळच एखादा उंच सडा आडवा असेल तर आणखी उशिरा. हे आम्हा घाटावरच्या माणसांना ऐकून ठाऊक असतं, पण कॅमेरा हातात आला की आठवत नाही. मग दुसरं टोक गाठलं जातं: कोकणात सकाळी फोटो काढण्यासारखं काही नाही, निवांत झोपा, संध्याकाळी बघू.

हे तर त्याहून चूक. मालवणच्या किनाऱ्यावर संध्याकाळी उभं राहिलात तर सिंधुदुर्ग म्हणजे काळी आकृती. तट, बुरूज, दगड काही वेगळं दिसत नाही. सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागून येतो आणि त्याच तटावर तिरपा पडतो. चिऱ्याचा एकेक थर मोजता येतो. १६६४ च्या नोव्हेंबरात महाराजांनी ज्याचं काम सुरू केलं तो किल्ला बघायचा असेल तर सकाळी, त्याच्या मागचं आकाश बघायचं असेल तर संध्याकाळी. शिवाय खाड्या आहेत. हिवाळ्यात वाघोटनच्या खाडीवर सकाळी धुकं बसतं, त्यातून सूर्य वर येतो आणि एखादी होडी आडवी जाते. समुद्रातला सूर्योदय नसला तरी पाण्यावरचा असतोच.

आता संध्याकाळ. 'सूर्य पश्चिमेला मावळतो' हे शाळेत पाठ केलेलं वाक्य इथं फसवतं. बरोबर पश्चिमेला तो वर्षातून दोनदाच मावळतो, मार्च आणि सप्टेंबरच्या २०-२३ तारखांच्या आसपास. आपल्या अक्षांशावर डिसेंबरात तो पश्चिमेपासून साधारण २४ अंश दक्षिणेला सरकलेला असतो, जूनमध्ये तितकाच उत्तरेला. म्हणून कुणी मार्चमध्ये काढलेला 'किल्ल्यामागे सूर्य' बघून डिसेंबरात त्याच दगडावर तिपाई मांडली, की सूर्य भलतीकडेच बुडतो. किल्ला तुमच्यापासून एक किलोमीटरवर आहे असं धरा. मार्चमध्ये त्याच्या बरोबर पूर्वेला उभं राहायचं, डिसेंबरात तिथून साडेचारशे मीटर उत्तरेला चालत जायचं. वाळूतून साडेचारशे मीटर, खांद्यावर सामान. आधी ठाऊक असलेलं बरं.

'गोल्डन अवर म्हणजे तासभर वेळ आहे.' नाही. ही भाषा उत्तरेकडच्या देशांतली. तिकडं सूर्य तिरका, रेंगाळत खाली येतो. आपल्याकडं तो जवळजवळ सरळ खाली उतरतो, चार मिनिटांत एक अंशाच्या आसपास. क्षितिजापासून सहा अंश वर असल्यापासून पाण्याला टेकेपर्यंत हिशोब पंचवीस मिनिटांचा. त्यात चहा बसत नाही. वेळेचा आणखी एक घोळ: सर्वांत लवकरचा सूर्यास्त सर्वांत लहान दिवशी, म्हणजे २१-२२ डिसेंबरला असतो, असं वाटतं. आपल्याकडं तो नोव्हेंबरच्या उत्तरार्धातच होऊन जातो. डिसेंबर संपेपर्यंत संध्याकाळ चांगली लांबायला लागलेली असते, उशीर होत असतो तो सकाळी.

आणि सूर्य बुडाला की किनाऱ्यावरची निम्मी गर्दी वडापावकडे वळते. खरं तर सूर्य पाण्याला टेकताना दिसतो तेव्हाच, सरळ रेषेचा हिशोब केला तर, तो अख्खा क्षितिजाखाली गेलेला असतो. बिंबाची रुंदी अर्ध्या अंशाच्या आसपास, आणि क्षितिजाजवळ हवेतून येताना प्रकाश वाकतो तोही तेवढाच, किंचित जास्त. आपण बघतो ती वाकून आलेली प्रतिमा. खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते, म्हणून बिंब भाकरी थापताना चेपावी तसं चपटं दिसतं. त्यानंतरची वीस-बावीस मिनिटं संधिप्रकाशाची. ढगांच्या पोटाला खालून रंग चढतो तो या वेळात, आणि ओल्या वाळूवर तो उलटा पडतो. आभाळात ढग आले म्हणून फोटो वाया गेला म्हणणाऱ्यांनी हे एकदा थांबून बघावं. वरचे विरळ ढग नसतील तर रंगाला टेकायला जागाच नाही. नुसत्या निरभ्र आकाशाचा सूर्यास्त बहुधा पाणचट. फक्त पश्चिम क्षितिजावर फट हवी. तिथंच ढगांची भिंत असेल तर गाडीत बसा.

'धूळ-धूर जास्त तेवढा सूर्यास्त लाल' हा समजही मोठ्या चवीनं सांगितला जातो. निळा प्रकाश वाटेत विखुरला जातो आणि तांबडा उरतो, हे काम हवेचे रेणूच करतात. त्याला धूर लागत नाही. जमिनीलगतचे मोठे कण सगळेच रंग विस्कटतात आणि चित्र मळकट होतं. पाऊस हवा धुऊन गेला की ऑक्टोबरातल्या संध्याकाळी बघा म्हणजे फरक कळेल. १८८३ मध्ये क्राकाटोआ फुटल्यावर जगभर रक्तासारखे सूर्यास्त दिसले हे खरं, पण ते कण खूप वर, स्थितांबरात पोहोचले होते. आपल्या रस्त्यावरच्या धुरळ्याला ती उंची कुठली!

ड्रोनची एक गंमत मात्र कुणी सांगत नाही. वाळूवर उभ्या माणसाला क्षितिज पाचेक किलोमीटरवर दिसतं. ड्रोन १२० मीटर वर गेला की तेच क्षितिज चाळीसेक किलोमीटरवर जातं आणि नजरेच्या रेषेत थोडं खालीही उतरतं. त्यामुळे खाली सूर्य बुडाल्यावर वर तो अजून सव्वाएक मिनिट दिसतो. शेवटची कड पाण्यात गेली की ड्रोन सरळ वर घ्यायचा. पंचवीस-तीस सेकंदांत तो उंचीवर पोहोचतो आणि पडद्यावर सूर्य पुन्हा उगवतो, तोही पश्चिमेला. भाचा हे बघून एवढा हरखला, की रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं राहून गेलं.

आता ज्याच्यासाठी हा सगळा लेख लिहायला घेतला तो गैरसमज: 'सकाळी वारा कमी असतो, म्हणून ड्रोनला सकाळ सुरक्षित.'

भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे होते, पाच मार्कांसाठी. दिवसा जमीन तापते आणि वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो, तो खारा. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. हिवाळ्यात तो सकाळी ऊन चढेपर्यंत टिकतो. म्हणजे सूर्योदयाला ड्रोन समुद्रावर नेताना वारा पाठीमागून ढकलत असतो. सगळं झकास चाललंय असं वाटतं. परत यायची वेळ येते तेव्हा तोच वारा समोरून.

आकडे मांडू. ड्रोनचा स्वतःचा वेग सेकंदाला १० मीटर, मतलई वारा ६ मीटर. जाताना १६, येताना ४. दोन मिनिटांत जेवढं लांब गेलात तेवढं परतायला आठ मिनिटं. बॅटरी निम्मी झाली की माघारी फिरू, हा घरच्या शेतावर चालणारा हिशोब इथं ड्रोन बुडवतो. संध्याकाळी उलट असतं: खारा वारा जाताना अडवतो, येताना घरी आणून सोडतो. म्हणजे वारा जास्त असूनही संध्याकाळच बरी. हाताला लागणाऱ्या वाऱ्यावर विसंबायचं नाही, शंभर मीटर वर तो वेगळाच असतो. आधी सरळ वर न्यायचा, तिथं जागेवर उभा करायचा आणि तो किती वाकून उभा राहतो ते बघायचं.

गेल्या हिवाळ्यातल्या त्या फेरीत एका सकाळी आम्ही देवगडच्या बाजूला होतो. जाळी आवरत बसलेल्या एका काकांनी आमची तयारी बघितली, तोंड वर करून हवा हुंगल्यासारखं केलं आणि म्हणाले, "आता नको हो. वारो भायर ओढता. जरा ऊन येवंदे." भाच्याच्या मोबाइलवरचं हवामान ॲप वारा मंद सांगत होतं. त्यानं ॲपचं ऐकलं. ड्रोन आला, पण बॅटरीचे चार टक्के उरले असताना, आणि तोवर भाच्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. काकांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

याच पोटातले आणखी दोन समज. एक, होडीतून उडवला तर 'रिटर्न टू होम' होडीवर परत आणतं. ते उडाल्या जागी आणतं. होडी तोवर पुढं गेलेली असते आणि त्या जागी पाणी असतं. दुसरा, पाण्याला चाटून उडवला की चित्र भारी येतं. ड्रोनच्या पोटाखालचे सेन्सर जमिनीवरच्या खुणा बघून स्थिर राहतात. लाटांवर खूण कुठली? तो भरकटतो, कधी खालीही बसतो.

आता कायदा. 'अडीचशे ग्रॅमच्या आतला आहे, त्याला कसले नियम.' २५ ऑगस्ट २०२१ ला आलेल्या ड्रोन नियमांत या नॅनो गटाला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, एवढंच. नकाशावरचं लाल, म्हणजे उड्डाणबंदीचं क्षेत्र त्यालाही लालच. २५० ग्रॅम ते २ किलोच्या मायक्रो गटालाही हौसेसाठी उडवताना प्रमाणपत्राची सूट आहे. लग्नाचे पैसे घेतलेत की ती हौस राहत नाही. परवानगी न लागणाऱ्या हिरव्या क्षेत्रातही मर्यादा ४०० फुटांची, म्हणजे साधारण १२० मीटर. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फुटांवर येते, त्याच्या आत परवानगीशिवाय नाही.

हे वाचून 'मालवणात कुठला आलाय विमानतळ' म्हणाल. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ पासून चालू आहे. रस्त्यानं तो लांब वाटतो, कारण मध्ये कर्लीची खाडी. नकाशावर पट्टी ठेवा: देवबाग, तारकर्ली, अगदी मालवणसुद्धा १२ किलोमीटरच्या वर्तुळात येतं. जिथं सगळ्यात जास्त ड्रोन पिशवीतून बाहेर निघतात तीच ही जागा. 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळावरचा क्षेत्रांचा नकाशा घरून निघतानाच बघितलेला बरा. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग तर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, जुलै २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीतही. तिथं खात्याच्या लेखी परवानगीशिवाय ड्रोन काढायचा नाही. आणि 'दुबईच्या भावानं येताना आणला' हेही आता चालत नाही. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, विमानतळावरच अडकतो.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात, कारण इथले गैरसमज स्वस्तात सुटतात. रंग फिका आला की लोक कॅमेऱ्याला दोष देतात. बहुतेक वेळा 'ऑटो' व्हाइट बॅलन्स आपला तांबूसपणा चूक समजून धुऊन टाकतो. त्याला 'उन्हा'वर ठेवा. पोलरायझर फिल्टर सूर्यापासून काटकोनात असलेल्या आकाशावर काम करतो, सूर्याकडे तोंड केल्यावर त्याचा फारसा उपयोग नाही. जुन्या डीएसएलआरच्या भिंगातून वर असलेल्या सूर्याकडे डोळा लावू नका, मागचा पडदा वापरा.

फ्लॅशबद्दल मात्र एक: नोव्हेंबर ते मार्च या किनाऱ्यावर कासवांचा काळ. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं घरट्यातून निघाली की उजळ क्षितिजाकडे धावतात, कारण रात्री उजळ असतो तो समुद्र. फ्लॅश किंवा टॉर्च मारला की ती उलटी वळतात. 'एकच फोटो' इथं चालत नाही.

परतताना भाचा म्हणाला, "पाण्यात पडला न्हाई, म्हणजे झालं." लाटा फुटतात तिथं हवेतच मीठ असतं, ते मोटारीत बसतं, भिंगावर बसतं. कोरड्या फडक्यानं पुसलं तर त्याच मिठानं काच खरवडते. गोड्या पाण्यात किंचित भिजवून पिळलेलं फडकं लागतं. फोंड्यात चहाला थांबलो तेव्हा त्याला पाण्याची बाटली आणि माझा रुमाल दिला. ड्रोन पुसेपर्यंत चहा गार झाला, रुमाल चाखून बघितला तर खारट. "ह्यो तर वाळूला लागलाबी न्हवता," तो म्हणाला आणि दुसरी बाटली मागायला उठला.