यानावरची बाकीची माणसं



'स्टार ट्रेक: डिस्कव्हरी' नुकतंच दुसऱ्यांदा बघून संपवलं. सप्टेंबर २०१७ ते मे २०२४, पाच सीझन, ६५ भाग. पहिल्यांदा बघताना चिडचिड झाली होती, तेव्हा वाटलं आपलीच काहीतरी चूक होतेय, पुन्हा एकदा बघू. तर पुन्हा बघितलं, आणि चिडचिड तशीच राहिली. फक्त आता ती नक्की कशाबद्दल आहे ते कळलं, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी चांगलं ते सांगतो. दिसायला मालिका अप्रतिम आहे. सोनेक्वा मार्टिन-ग्रीनने मायकल बर्नहॅमचं काम जीव ओतून केलंय. डग जोन्सचा सारू तर मुखवट्याआडूनही डोळ्यांत पाणी आणतो. तक्रार नटांबद्दल नाहीच आहे, लिहिणाऱ्यांबद्दल आहे.

या विश्वात जे काही घडतं ते बर्नहॅमभोवतीच घडतं. क्लिंगॉन युद्धाचं खापर तिच्यावर. स्पॉकची मानलेली बहीण तीच. दुसऱ्या सीझनमधलं 'रेड एंजल'चं गूढ उलगडतं, तर आधी तिची आई आणि मग ती स्वतः. नऊशे वर्षं पुढे उडी मारली तरी तिथल्या महासंकटाचं मूळ शोधणार तीच. शेवटच्या सीझनमध्ये तर सृष्टीच्या निर्मितीचं तंत्रज्ञान ठेवायचं की टाकायचं, हा निर्णयही तिचाच. माझी बायको स्वयंपाकघरातून विचारायची, "काय रे, आज पण विश्व वाचवून रडतेय का ती?" उत्तर बहुतेक वेळा 'हो' असायचं.

२०१९ मध्ये बाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले होते. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलेला माणूस. इंग्रजी उच्चार फारसे कळायचे नाहीत, पण माझ्याबरोबर बसून बघायचे. चार-पाच भाग झाल्यावर म्हणाले, "अरे, ही बाकीची माणसं पगार कशाचा घेतात?" मी म्हटलं, बाबा, ते यान चालवतात. म्हणाले, "चालवतात तर मग एकाचं तरी नाव सांग." मला सांगता येईना! डेटमर कोण, राईस कोण, ब्राईस कोण, मला नेटवर शोधायला लागलं. आणि मी काही सहज बघणारा प्रेक्षक नव्हे, होस्टेलवर मित्राच्या हार्ड डिस्कवरून 'नेक्स्ट जनरेशन'चे १७८ भाग परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत बघितलेला माणूस आहे.

सगळ्यात चीड आली ती एरियमच्या बाबतीत. पुलावर बसणारी ती अर्धी यंत्र असलेली बाई आठवत असेल. पहिल्या सीझनमध्ये ते काम एका नटीने केलं, दुसऱ्यात दुसरीने. इतका कमी वाव, की माझ्यासारख्याच्या ते लक्षातही आलं नाही. मग मार्च २०१९ मध्ये 'प्रोजेक्ट डिडॅलस' हा भाग आला. त्यात अचानक कळतं की लग्नानंतर लगेचच झालेल्या यानाच्या अपघातात तिचा नवरा गेला, तीही यंत्राच्या आधारे जगली, आणि मेमरी पुरत नाही म्हणून दर आठवड्याला बसून कुठली आठवण ठेवायची, कुठली डिलीट करायची हे ती ठरवते.

काय कल्पना आहे बघा! डेटाबेसवाल्या माणसाला याहून मोठी गोष्ट कोण सांगणार? यावर पाच भाग लिहिता आले असते. पण आपल्याला हे कळतं त्याच भागाच्या शेवटी ती मरते. पुढच्या भागात अंत्यसंस्कार, सगळे रडताहेत, आणि आपण शेजारच्या सोसायटीतल्या अनोळखी माणसाच्या दहाव्याला आल्यासारखे गप्प बसलोय. ओवोसेकुनचंही तेच. तंत्रज्ञान नाकारणाऱ्या समाजात वाढलेली मुलगी अंतराळयानाच्या कन्सोलवर बसते! ती घर सोडून कशी आली असेल? पण याला मिळाली दोन-चार वाक्यं.

याचं एक कारण व्यवहाराचं आहे हे मान्य. पूर्वी वर्षाला सव्वीस भाग असायचे, आता दहा ते पंधरा, त्यातही सीझनभर एकच कथा. इकडेतिकडे बघायला फुरसत नाही. शिवाय लेखनाची सूत्रं हाताळणारी माणसं पहिल्या दोन सीझनमध्येच अनेकदा बदलली. पण 'नेक्स्ट जनरेशन'चे पहिले दोन सीझन तरी कुठे धड होते? १९८९ मध्ये मायकल पिलर आला आणि त्याने आग्रह धरला की प्रत्येक गोष्ट यानावरच्या कुणातरी माणसाची असली पाहिजे. बाहेरच्या नवख्यांच्या पटकथाही वाचायला घेतल्या. रोनाल्ड मूर त्याच दारातून आत आला. दोष वेळेचा असतोच, पण बघायचं कुणाकडे हे शेवटी कुणीतरी ठरवतं.

त्याच तिसऱ्या सीझनमध्ये, १९९० मध्ये, रेजिनाल्ड बार्कली आला. अडखळत बोलणारा, मीटिंगमध्ये घाम फुटणारा इंजिनिअर. सहकारी त्याला मागे 'ब्रोकोली' म्हणतात आणि एकदा खुद्द कॅप्टन पिकार्डच्या तोंडून ते नाव निसटतं. अमेरिकेत आल्या आल्या माझ्या नावाचं जे झालं ते बघता तो प्रसंग मी हसत बघूच शकत नाही. पण त्या भागाच्या शेवटी यान वाचतं ते बार्कलीच्या डोक्याने. त्यालाच सुचतं की बिघाड यंत्रांत नाही, यंत्रांना हात लावणाऱ्या माणसांकडून पसरतोय.

आता खरं सांगायचं ते. माझ्या टीममध्ये एक टेस्टर होत्या, वयाने माझ्याहून बऱ्याच मोठ्या. सहा वर्षं आम्ही पाठीला पाठ लावून बसलो. त्या माझ्या कोडमधल्या चुका काढायच्या, मी सबबी सांगायचो. दोन वर्षांपूर्वी कपात झाली, त्यात त्या गेल्या. निरोपाच्या जेवणात कुणीतरी विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं, की लहानपणी त्या व्हिएतनाममधून होडीतून निघाल्या होत्या आणि धाकटा भाऊ वाटेतच गेला. टेबलावर एकदम शांतता. कुणाचे डोळे भरले, कुणी मिठी मारली. तासाभराने आम्ही आपापल्या डेस्कवर, आणि त्या खोकं घेऊन पार्किंगमध्ये.

त्या दिवशी घरी येताना मला एरियम आठवली. लेखकांना मी वर्षभर शिव्या घालत होतो, आणि मी स्वतः माझ्या ऑफिसची मालिका अगदी तशीच लिहीत होतो. मधोमध मी, माझा व्हिसा, माझं ग्रीन कार्ड, माझं प्रमोशन. बाकीचे कन्सोलवर. त्यांची गोष्ट ऐकायला मी त्यांच्या शेवटच्या भागापर्यंत थांबलो.

बाबांच्या बाबतीत तरी वेगळं काय? त्यांना वर्कशॉपमधल्या प्रत्येक फिटरचं नाव, गाव, पोरांची शिक्षणं पाठ आहेत. मी त्यांना दर रविवारी फोन करतो आणि वीस मिनिटं माझ्याबद्दलच बोलतो.

परवाच्या रविवारी मी फोनवर विचारलं, "बाबा, तुमचा कामावरचा पहिला दिवस कसा होता?" ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आज काय काढलंस हे? थांब, चष्मा काढून ठेवतो, बसून सांगतो." पन्नास मिनिटं बोलले. निम्मी माणसं मला नवीन होती. गोष्ट अर्धीच झालीय, पुढचा भाग येत्या रविवारी.

चूक भूल द्यावी घ्यावी. बर्नहॅमच्या चाहत्यांनी रागावू नये. तुमच्या यानावर कोण कोण आहे, तेही कधीतरी लिहा.