तळ्यांचे किल्ले आणि आखलेल्या वाटा

अ‍ॅव्हलॉन हिल या अमेरिकन कंपनीने १९७२ साली ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ नावाचा पटावरचा खेळ काढला होता. रानात वाट चुकलेल्या माणसाने अन्नपाणी शोधत जिवंत बाहेर पडायचे, एवढाच त्याचा मामला. दोन वर्षांनी, १९७४ मध्ये, विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावातून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची पहिली हजार खोकी बाहेर पडली. आत तीन पुस्तिका होत्या. तळघरातून बाहेर पडून मुलूखभर भटकायचे असेल तर त्या जुन्या खेळाचा पट वापरा, असे तिसरीत बिनदिक्कत सांगितलेले होते. पटावरची तळी म्हणजे किल्ले समजायचे, इमारती म्हणजे गावे, आणि प्रत्येक षटकोनी घर पाच मैलांचे. किल्ल्यात कोण राहतो, तो पाहुण्यांशी कसा वागतो, हे आधी लिहून ठेवलेले नव्हते. ते फासे ठरवत.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या या खेळाची रीत आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. चार-पाच जण एकेक पात्र घेतात, एक जण डन्जन मास्टर म्हणजे डीएम होतो. समोर काय आहे ते डीएम सांगतो, आपण काय करतो ते खेळाडू सांगतात, आणि अडेल तिथे फासा टाकला जातो. वाद आहे तो पुढचा. डीएमने जग मांडून ठेवावे आणि खेळाडूंना हवे तिकडे जाऊ द्यावे, की गोष्ट रचून ठेवावी आणि त्यांना तिच्यातून न्यावे? पहिल्या रीतीला सँडबॉक्स म्हणतात, म्हणजे मुलांचा वाळूचा हौद. दुसरी अंगावर आली की खेळाडू तिला ‘रेलरोड’ म्हणून नाके मुरडतात.

सुरुवातीचा माल बहुतेक हौदाचाच होता. इलिनॉयमधल्या डिकेटर गावी बॉब ब्लेडसॉ आणि बिल ओवेन यांनी १९७६ साली ‘जजेस गिल्ड’ काढली. पहिल्यांदा त्यांनी एक अख्खे शहर दुकानांसकट छापले आणि पुढच्या वर्षी ‘वाइल्डरलँड्स ऑफ हाय फँटसी’ हा मुलूख. त्यातल्या नोंदी वाचताना तलाठ्याचे दप्तर उघडल्यासारखे वाटते. अमुक घरात खेडे, वस्ती इतकी. तमुक घरात पडका बुरूज. एक-दोन ओळी, बस्स. गोष्ट कुठेच नाही, पण पन्नास गोष्टींचे बियाणे आहे.

या रीतीचा सर्वांत जवळून पाहण्याजोगा नमुना म्हणजे गायगॅक्सचे ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’. नवशिक्यांच्या बेसिक खोक्यातून हे मॉड्यूल, म्हणजे तयार साहसाची पुस्तिका, घरोघर गेले. सरहद्दीवर एक गढी, आणि जवळच्या घळीत गुहाच गुहा. गुहांमध्ये गॉब्लिन, ऑर्क, कोबोल्ड असे नाना जातींचे राक्षस शेजारी-शेजारी राहतात आणि शेजाऱ्यांसारखेच वागतात. गॉब्लिन आणि हॉबगॉब्लिन एका बाजूला, ऑर्क दुसऱ्या. कोबोल्डांची इच्छा एवढीच, की आपली कुणाला आठवण होऊ नये. गॉब्लिनांवर हल्ला झाला की ते अडीचशे सोन्याच्या नाण्यांची थैली शेजारच्या ओग्रपुढे फेकतात आणि त्याला मदतीला बोलावतात. हे कळल्यावर एखादा डोकेबाज खेळाडू विचारतोच, आपण त्याला तीनशे दिले तर? खरा खेळ तिथे सुरू होतो. गढीतल्या लोहाराला, व्यापाऱ्याला गायगॅक्सने नावेसुद्धा दिली नाहीत. तो आळस नव्हता. ती जागा त्याने डीएमसाठी मुद्दाम कोरी सोडली होती.

१९८४ साली ‘ड्रॅगनलान्स’ आले आणि कोरी जागा भरून निघाली. ट्रेसी हिकमन आणि मार्गारेट वाईस यांच्या कादंबऱ्या आणि खेळाची मॉड्यूल्स हातात हात घालून निघत होती. पात्रे तयार, त्यांची नाती तयार. शत्रूच्या फौजा अशा चालून येतात, की पात्रांना जायला मोजक्याच वाटा उरतात. पुढच्या भागात लागणारे पात्र मेलेच, तर त्याचा मृत्यू धूसर ठेवावा, म्हणजे त्याला परत आणता येईल, अशीही सोय सांगितलेली होती. कोकणातल्या दशावतारातही आख्यान आधी ठरते आणि संवाद उभ्या उभ्या सुचतात. पण तिथे आख्यान नटाला पाठ असते. इथे ते ठाऊक असते फक्त डीएमला. ज्यांनी सोंगे घेतली तेच अंधारात.

तरीही ड्रॅगनलान्सला नुसती नावे ठेवणे अन्यायाचे होईल. युद्ध, प्रेम, फितुरी असा मोठा पट टेबलावर आणायची भूक खेळाडूंनाच लागली होती. आणि नोकरी, मुलेबाळे सांभाळून आठवड्यातून चार तास काढणाऱ्या डीएमला मुलूखभर खेडी रचायला वेळ कुठून मिळणार?

खरी मेख तिथेच आहे. तयार गोष्ट छापून, हप्त्याहप्त्याने विकता येते. हौदाचे तसे नाही, त्याचा उत्तम भाग टेबलावरच घडतो. पायझो कंपनीने २००३ पासून ‘डन्जन’ मासिकात ‘शॅकल्ड सिटी’ ही मालिका चालवली, आणि २००७ मध्ये ते मासिक हातचे गेल्यावर ‘राइज ऑफ द रूनलॉर्ड्स’ने स्वतःची सहा-सहा भागांची प्रथा रुजवली. ही पुस्तके कधीही न खेळता कादंबरीसारखी वाचणारेही पुष्कळ. याच पायझोने २०१० मध्ये ‘किंगमेकर’ काढून हौदाकडे हात पुढे केला: नकाशावरचा मुलूख घराघराने धुंडाळायचा, मग तिथे आपले राज्य वसवायचे. पाच भाग मोकळ्या हवेत गेले, आणि शेवटी परीलोकातली खलनायिका निरिसा अचानक उभी राहते, ही खेळाडूंची जुनी कुरकुर. २०१८ च्या संगणकीय आवृत्तीत ती सुरुवातीपासूनच दर्शन देते.

डीएमच्या वेळेचा गुंता बेन रॉबिन्स नावाच्या एका डीएमने दुसऱ्या टोकाने सोडवला. या शतकाच्या सुरुवातीला त्याने चालवलेल्या ‘वेस्ट मार्चेस’ या खेळाला ना ठरलेला वार होता, ना ठरलेली टोळी, ना ठरलेले कथानक. दहा-चौदा खेळाडू आपसांत ठरवत, की या खेपेला कोण कोण आणि कुठे जायचे, आणि मग डीएमला कळवत. म्हणजे त्याला अख्ख्या मुलखाची नव्हे, तेवढ्याच वाटेची तयारी करावी लागे. गावातल्या खानावळीच्या टेबलावर कोरलेला एक सामाईक नकाशा होता. त्यात चुकाही होत्या, आणि त्या चुकांवर विसंबून लोक रानात शिरत.

अलीकडची पुस्तके दोन्ही डगरींवर पाय ठेवतात. २०१६ च्या ‘कर्स ऑफ स्ट्राड’मध्ये बारोव्हिया हा मुलूख धुक्याने वेढलेला आहे, बाहेर पडता येत नाही, आत मात्र कुठेही फिरा. जादूची तलवार कुठे आहे, खलनायक स्ट्राडशी गाठ कुठे पडेल, हे भविष्य सांगणारीच्या पत्त्यांवर ठरते, त्यामुळे प्रत्येक टेबलाची वाट निराळी. धुक्याची ही युक्ती कदाचित दोन्ही रीतींमधला सर्वांत सुखाचा संसार आहे.

पुढच्याच वर्षीचे ‘टूम ऑफ अ‍ॅनायहिलेशन’ मात्र अडखळते. खेळाडूंच्या हाती चल्टच्या जंगलाचा नकाशा येतो: दहा-दहा मैलांची घरे, आणि आतला भाग जवळजवळ कोरा. पाहताक्षणी पाय शिवशिवतात. पण ज्या बाईने त्यांना या कामावर धाडले ती शापाने रोज थोडी थोडी खंगत चालली आहे. बंदरात डायनोसॉरच्या शर्यती लागल्या आहेत, जंगलात जायला वाटाडे घासाघीस करताहेत, नकाशा टेबलावर पसरलेला आहे. एक खेळाडू म्हणतो, शर्यत बघून निघू. दुसरी विचारते, तोवर ती जगेल का? डीएम पुस्तकातून मान वर करत नाही.